सुरकुत्यांचा भाव

आमच्या गावात या उन्हाळ्यापासून एका कुत्र्यावरून दोन तट पडलेत. आर्वी तालुक्यातलं गाव. कापूस, तूर, सोयाबीन, आणि ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांच्याकडे संत्रा. माझ्या चुलत पुतण्याच्या बागेत गेल्या साली आंबिया बहार चांगला टिकला, व्यापाऱ्यानं पैसेही वेळेवर दिले (हे दुसरं आश्चर्य), आणि त्या पैशातून पोरानं पुण्याहून शार-पे जातीचं पिल्लू आणलं. किंमत एका बऱ्या बैलजोडीची. सगळं गाव बघायला लोटलं. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घालावा तशी कातडी त्याच्या अंगावर लोंबत होती; कपाळावर घड्या, मानेवर घड्या, पाठीवर घड्या. शेजारच्या आजीनं हात फिरवून पाहिला नि म्हणाली, "माय वं, एवढंसं लेकरू अन् म्हातारं काहून दिसते?"

आजीचा प्रश्न सगळ्यात नेमका होता, पण तो तिथंच राहिला. पानठेल्यावर वाद पेटला तो वेगळाच. एक तट म्हणतो, इथं कास्तकार कर्जापायी औषध पिऊन मरून रायले अन् हा कुत्र्याले कूलर लावते. दुसरा म्हणतो, पुण्या-मुंबईच्या लोकायनं पाळलं त हौस, अन् कास्तकाराच्या पोरानं पाळलं त माज? चार महिने झाले, दोन्हीकडची वाक्यं तीच आहेत, फक्त आवाज वाढलाय. मला दोन्ही तट चुकलेले वाटतात आणि दोघांची चूक एकच आहे: दोघंही मालकाच्या खिशात डोकावून भांडताहेत. खिसा फाटका आहे की भरलेला, एवढंच त्यांना बघायचंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सुरकुत्यांसाठी पैदा केलेलं कुत्रं विदर्भाच्या खेड्यात आणू नये, आणि खरं विचाराल तर त्याची अशी पैदास कुठेच होऊ नये. महाग आहे म्हणून मी हे म्हणत नाही. ज्या गोष्टीसाठी आपण पैसे मोजतो तीच त्या जनावराची व्याधी आहे, म्हणून म्हणतो. तो खर्च कोणाच्याच खिशातून फिटत नाही, कारण तो कातडीतच शिवलेला येतो.

पण दुसऱ्या तटाचं जे खरं आहे ते आधी मान्य केलं पाहिजे, आणि ते बरंच खरं आहे. कास्तकाराच्या खर्चाकडे बोट दाखवायची खोड जुनी. 1875 साली पुणे-नगर भागात कुणब्यांनी सावकारांची कागदपत्रं जाळली. त्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांत असे पुष्कळ होते की जे शेतकऱ्याच्या कर्जाचं मूळ त्याच्या लग्नाच्या पंगतीत शोधायचे. सारा किती वाढला, व्याज किती चढलं, अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 ला संपल्यावर कापसाचा भाव कसा कोसळला, हे मागे. पोरीच्या लग्नात बुंदी कशाला वाढली, हे पुढे. आजही तेच चालतं. मोटारसायकल घेतली की 'मग कर्जमाफी कशाला', पोरगं इंग्रजी शाळेत घातलं की 'मग रडता कशाला'. जगायला लागेल तेवढंच ज्यानं खर्चावं, त्यापलीकडचा रुपया ज्याच्या हातात शोभत नाही, असा माणूस म्हणजे शेतकरी, ही समजूत अपमानाची आहे. तिच्यावर चिडणाऱ्या पोरांचा राग मला कळतो.

शिवाय जनावराची हौस आमच्याकडे नवी थोडीच आहे? पोळ्याला शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांचे पट्टे. शंकरपटाचा, म्हणजे शर्यतीचा, बैल ज्याच्या दावणीला असतो त्याच्या घरी लेकरांच्या दुधात पाणी पडेल, पण बैलाच्या अंड्यात आणि तुपात खंड पडणार नाही, आणि हे कोणाला खटकतही नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पट बंद केले तेव्हा गावोगाव सुतक पडलं होतं. मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला तेव्हा गुलाल उधळला. मग एका पोरानं कुत्र्याची हौस केली तर त्याचंच काय एवढं?

फरक आहे, आणि तो इथंच आहे. पटाच्या बैलाला खाऊ-पिऊ घातलं, पोहायला नेलं, मालिश केली, की बैल धावतो. (शेपटी चावणारे आणि पराणी टोचणारे महाभाग आहेत, त्यांची वकिली मी करत नाही.) त्याची ताकद ही त्याच्या निरोगी असण्याची खूण असते, बैल आजारला की हौस संपते. सुरकुत्यांच्या कुत्र्यात हे उलटं आहे. तिथं जितका बिघाड ठळक तितका भाव चढा.

शार-पेच्या कातडीत हायलुरॉनन नावाचा पदार्थ असतो. तसा तो सगळ्याच कुत्र्यांत असतो, आपल्याही सांध्यांत वंगणासारखा असतो. बुळबुळीत, पाणी धरून ठेवणारा. शार-पेमध्ये तो तयार करणाऱ्या जनुकाच्या, एचएएस-2 च्या, शेजारचा डीएनएचा एक तुकडा एकापेक्षा जास्त वेळा आलेला असतो. त्यामुळे हायलुरॉनन बेसुमार तयार होतं, कातडीत साठतं आणि कातडी घडीवर घडी घेते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हाच तुकडा शार-पेच्या तापाशीही जोडलेला आढळला. हा ताप या जातीच्याच नावानं ओळखला जातो. धडधाकट कुत्रं अचानक तापतं, पारा 105-106 अंश फॅरनहाइटवर जातो, मागच्या पायाचे घोटे सुजतात. एक-दोन दिवसांत उतरतो आणि पुन्हा केव्हा येईल त्याचा नेम नाही. असा ताप वारंवार आला की अमायलॉइड नावाचं प्रथिन मूत्रपिंडात साचत जातं आणि जनावर ऐन उमेदीत किडनी निकामी होऊन मरतं. म्हणजे ज्या मुळातून घडी येते त्याच मुळातून ताप. घडी ठेवा आणि ताप तेवढा काढा, असं काही जमत नाही.

आणि घडी म्हणजे नुसतं रूप नव्हे, ते रोजचं काम आहे. घडीच्या आत वारा शिरत नाही. तिथं लाळ, डोळ्याचं पाणी, धूळ साचते. मग बुरशी आणि जिवाणू, मग लाली, खाज, आंबूस वास. म्हणून रोज प्रत्येक घडी उलगडायची, औषधाच्या पाण्यानं पुसायची, आणि मग (हे बहुतेकांना कोणी सांगत नाही) पूर्ण कोरडी करायची. ओली राहिली तर पुसल्याचा उपयोग शून्य. कान एवढेसे, दुमडलेले, आतली नळी अरुंद. ते वेगळे साफ करायचे. पापण्या आत वळतात, केस बुबुळावर घासत राहतात. पिल्लू लहान असतानाच पापण्यांना तात्पुरते टाके घालून त्या बाहेर ओढून धराव्या लागतात आणि मोठेपणी पुष्कळदा शस्त्रक्रियाच. वेळेवर झाली नाही तर बुबुळावर जखम आणि मग अंधत्व.

आता हे आमच्या हवेत करून बघा. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा 45 च्या वर जातो तेव्हा आम्ही इकडे फार मागे नसतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गादीला येतो तेवढाच. बाकी सगळी मदार धापेवर. नाकातल्या आणि तोंडातल्या ओलसर अस्तरावरून वारा खेळतो, पाणी उडतं, रक्त थंड होतं. लांब नाकाच्या गावठी कुत्र्याला हे यंत्र पुरतं. शिवाय ते दुपारी नाल्याच्या ओल्या रेतीत खड्डा करून पडतं. शार-पेच्या नाकपुड्या बारीक, थोबाड गादीसारखं फुगलेलं, कातडी जाड. त्याला वारा पुरत नाही. म्हणून पुतण्यानं कूलर लावला, ज्यावरून एवढं रामायण झालं. पण कूलरची गंमत पाहा. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा थंड तशी ओलीही असते. ओल्या हवेत धापेनं पाणी नीट उडत नाही, आणि घड्या दिवसभर दमट राहतात. कूलर लावला तर कातडी चिघळते, बंद ठेवला तर जीव कासावीस होतो. एसी लावावा तर ऐन दुपारी तीन तास लाईन जाते. मग येतो पावसाळा. आमच्याकडे एकदा झड लागली की आठ-आठ दिवस दोरीवरचे कपडे वाळत नाहीत; त्या झडीत पाठीवरच्या वीस घड्या कशा वाळवणार? सूनबाई गेल्या श्रावणात केस वाळवायचं यंत्र घेऊन कुत्र्यामागे बसलेली असायची.

होय, सूनबाई. कारण कुत्रं आणलं पुतण्यानं, पण तो दिवसा बागेत आणि रात्री जागलीला. घड्या पुसायचं काम घरातल्या बाईच्या वाट्याला आलं, जसं येतंच. सकाळी अर्धा तास, रात्री अर्धा तास. ज्या घरात दरसाल चाळीस-पन्नास क्विंटल कापूस निघतो त्या घरात मेडिकलमधून कापसाची बंडलं विकत येतात, यावर ती स्वतःच हसते. खाऊच्या पिशव्या, पुसायची औषधं, कानाचे थेंब, गोचिडाची गोळी, डोळ्यांचे टाके, आणि दर फेरीला गाडीचं तेल: आठ महिन्यांत वरखर्चानं मूळ किंमत मागे टाकली. पण पानठेल्यावरच्या एकाही हिशेबात सूनबाईचा तास मी ऐकला नाही. ना या तटाच्या, ना त्या.

गाडीचं तेल कशासाठी, तेही सांगतो. तालुक्याचा जनावरांचा दवाखाना आहे, आणि तिथले डॉक्टर माणूस म्हणून आणि डॉक्टर म्हणूनही चांगले. अडलेली गाय रात्री दोन वाजता सोडवतील. 2022 ला लम्पी आला तेव्हा त्यांनी गोठ्यागोठ्यात जाऊन लस टोचली. पण कुत्र्याची पापणी कापून शिवायची तर त्याला लागणारी भूल, ती यंत्रं आणि तो हात नागपूरला. शंभरेक किलोमीटर. बारीक नाकपुडीच्या जनावराला भूल देणं हीच मुळात जोखीम, आणि मे महिन्यात त्याला गाडीतून शंभर किलोमीटर नेणं ही दुसरी. जगातल्या कित्येक विमान कंपन्या चपट्या तोंडाची कुत्री सामानाच्या कक्षात घ्यायला नकार देतात, ते उगीच नाही.

इथं जाणकार मंडळी एक मुद्दा काढतात, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. ते म्हणतात, काका, शार-पे हे काही राजवाड्यातलं खेळणं नव्हे. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या शेतकऱ्यांचं ते कुत्रं. राखणीला, रानडुकराच्या शिकारीला. मग आपल्या शिवारात काय कमी डुकरं आहेत? रोही (नीलगाई) आणि डुकरं मिळून हरभरा लोळवतात, माणसं रात्र-रात्र मचाणावर बसतात, कुंपणात वीज सोडणारं झटका मशीन लावतात. अशा वेळी कास्तकारानं कास्तकाराचं कुत्रं आणलं तर बिघडलं कुठे?

बरोबर आहे. शार-पे शेतकऱ्याचंच कुत्रं होतं, आणि म्हणूनच हा मुद्दा उलटतो. 'शा-पी' म्हणजे वाळूसारखी कातडी. नाव खरखरीत केसांवरून पडलंय, सुरकुत्यांवरून नाही. त्या जुन्या कुत्र्याची कातडी सैल होती, घड्या कपाळावर आणि खांद्यावर थोड्या, तोंड सडपातळ. सैल कातडीचा लढाईत उपयोग होता, समोरच्यानं चावा घेतला तरी मान वळवता यायची. चीनमध्ये साम्यवादी राजवट आल्यावर कुत्री जवळजवळ संपली. उरली ती हाँगकाँग-तैवानच्या आसऱ्यानं. 1973 साली हाँगकाँगच्या मॅटगो लॉ यांनी एका अमेरिकन मासिकातून 'ही जात वाचवा' असं आवाहन केलं. पुढे गिनीज बुकात जगातलं सगळ्यात दुर्मीळ कुत्रं म्हणून नाव लागलं. अमेरिकेतून मागणी उसळली. आणि मागणी कशाला होती? राखणीला नव्हे, घड्यांना. ज्या पिल्लाच्या अंगावर जास्त घड्या त्याला जास्त पैसे. मग जास्त घड्यांचा नर जास्त घड्यांच्या मादीला, आणि पाच-पन्नास वर्षांत पाणघोड्याच्या थोबाडाचं हे आजचं कुत्रं. जात वाचवायला निघाले आणि वाचली ती फक्त कातडी. पुतण्याचं कुत्रं एकदाच जागलीला गेलं होतं. पहाटेपर्यंत धापा टाकत खाटेखाली पडलं. डुक्कर आलं ते शेजाऱ्याच्या गावठी कुत्र्यांनी हाकललं.

हे फक्त शार-पेचं नाही. पग घ्या; तो तर आता आर्वी, कारंजा, पुलगावपर्यंत पोचलाय. 2003 च्या सुमाराला हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान पोराच्या मागे मागे जाणारा पग टीव्हीवर आला आणि देशभर त्या जातीला मागणी आली. विल्यम हॉगार्थ नावाच्या इंग्रज चित्रकारानं 1745 मध्ये स्वतःचं चित्र काढलं, त्यात त्याचा पग शेजारी बसलाय. त्या पगला चक्क नाक आहे! आजच्या पगशेजारी ठेवलं तर लोक म्हणतील, हा संकर दिसतो. पावणेतीनशे वर्षांत ते नाक कोणी कापलं नाही; दर पिढीला थोडं अधिक चपटं ते थोडं अधिक गोड, एवढाच न्याय लावत आपण ते आत ढकललं. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं 2022 मध्ये ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासून सांगितलं की एखादी तरी व्याधी असण्याची शक्यता पगमध्ये इतर कुत्र्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि आरोग्याच्या दृष्टीनं पगला आता सर्वसाधारण कुत्रं म्हणता येणार नाही. ब्रिटनमध्ये, बरं का. जिथं वैशाख नाही, झड नाही आणि गल्लीच्या टोकाला कुत्र्यांचा डॉक्टर आहे.

म्हणून 'नीट काळजी घेतली की झालं' या वाक्याची मला चीड येते. चीनमध्ये शतकानुशतकं मुलींचे पाय लहानपणी आवळून बांधायचे. ते पाय धुवायला, सुकवायला, सुगंधी पूड लावायला घरात किती माया आणि किती वेळ खर्ची पडायचा! त्या मायेत खोट नव्हती. पण पायाला माया लागत होती ती पाय मोडला होता म्हणून. सूनबाईच्या हातातला कापूस पाहिला की मला तेच आठवतं.

आता धंद्याची गोष्ट. दुसऱ्या तटातले दोघे-तिघे हळूच सांगतात की हौस-बिस सोडा, यात पैसा आहे. एक मादी, वर्षाला पाच-सहा पिल्लं, प्रत्येकाची किंमत बैलजोडीएवढी. कापसाला असा भाव कधी मिळालाय? जोडधंदा हवा, हे मला शिकवायला नको. पण विदर्भानं असले जोडधंदे पाहिले आहेत. जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात आमचा वर्धा होता. त्यातून अनुदानावर संकरित गाई आल्या. गाय बिचारी दोषी नव्हती. पण तिला हिरवा चारा, पेंड, गारवा, रोज भरपूर पाणी लागायचं, आणि हे सगळं ज्याच्याकडे नव्हतं त्याच्याच दारात ती बांधली गेली. पुष्कळांनी मिळेल त्या किमतीला विकली. आणि हे कुठे, तर आर्वी-आष्टी-कारंज्याच्या पट्ट्यात, जो गवळाऊ गाईचं माहेर! उन्हात टिकणारी, चढावर बंडी ओढणारी, कडब्यावर दूध देणारी गाय दारात असताना.

दुसरं उदाहरण इमूचं. तेल, मांस, पिसं, सगळं विकलं जाईल म्हणून शेड उभे राहिले. तेल घेणारा कोणी आला नाही; पिल्लं घेणारा मात्र पुढचा शेडवाला होता, आणि तोपर्यंत सगळ्यांना नफा दिसत होता. 2012 साली तमिळनाडूत इरोडजवळची मोठी इमू कंपनी कोसळली आणि हजारो लोकांचे पैसे अडकले. खाद्य परवडेना तसे आपल्याकडेही कित्येकांनी पक्षी सोडून दिले. पिल्लाचं गिऱ्हाईक म्हणजे पुढचा पिल्लं विकणारा, अशा धंद्यात शेवटी कोणाच्या तरी अंगणात जनावर उरतं. इमू निदान स्वतःच्या पायानं रानात गेले. घड्यांचं कुत्रं सोडलं तर पहिल्या उन्हाळ्यातच मरेल.

पहिल्या तटाचं फार बोललो नाही, कारण त्यात फार काही नाही. 'माणसं मरताना कुत्र्याचं काय घेऊन बसलात' हे वाक्य गेली शंभर वर्षं कुठल्याही प्रश्नावर लावता आलंय. याच तटातले काही जण वर शहाजोगपणे म्हणतात की पाळायचं तर गावठी पाळा, भाकरीचा तुकडा टाकला की काम भागतं. हे दुसरं टोक. 1926 साली अहमदाबादच्या एका गिरणीमालकानं आवारातली साठ भटकी कुत्री मारली आणि गांधीजींनी 'यंग इंडिया'तून त्याची पाठराखण केली, तेव्हा पत्रांचा पाऊस पडला होता. सेवाग्रामला यायच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट. कुत्री मारण्याबद्दल त्यांचं मत मला पटत नाही. पण त्या वादात त्यांनी जी दुसरी गोष्ट लावून धरली ती खरी होती: तुकडा टाकून पुण्य मिळवणं म्हणजे पाळणं नव्हे, पाळायचं तर पूर्ण जबाबदारीनं. गावठी कुत्र्यालाही रेबीजची लस लागते, गोचीड लागतो, म्हातारपण येतं. नामदेव ज्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले ते कुत्रं गावठीच होतं, दत्ताच्या पायाशी बसलेल्या चौघांपैकी एकाच्याही कातडीला घडी नाही, हे सगळं खरं. पण म्हणून गावठ्याची आबाळ करायची सवलत कोणाला मिळत नाही.

शेवटचा आक्षेप कायद्याचा. बंदीनं काही होत नाही, चोरून विक्री वाढते, असं म्हणतात. सरसकट बंदीबद्दल हे बरोबर आहे, आणि आपल्याकडे ती करून झालीय. मार्च 2024 मध्ये केंद्रानं 23 जातींच्या 'हिंस्र' कुत्र्यांवर बंदीचं परिपत्रक काढलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. पण त्या गडबडीत एक गोष्ट कोणी विचारली नाही. माणसाला चावणाऱ्या जातींची यादी झाली. माणसानं ज्यांचा श्वास हिरावला त्या जातींची यादी कुठंय? नेदरलँड्समध्ये 2019 पासून थोबाडाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशाहून कमी असेल तर त्या कुत्र्यापासून पैदास करता येत नाही. नॉर्वेत ऑस्लोच्या न्यायालयानं जानेवारी 2022 मध्ये इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर या दोन जातींची पैदास थांबवली. अपिलात बुलडॉग सुटला, पण कॅव्हेलियरवरची बंदी 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयातही टिकली. आपल्याकडे 2017 चे कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आहेत. पैदास करणाऱ्यानं नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये, असं त्यात आहे. नाकाच्या लांबीचं माप नाही. आणि नियम मोडल्यावर ज्या मूळ कायद्याकडे बघायचं त्या 1960 च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पानठेल्यावर चार खर्रे येतात तेवढ्यात.

मला पाळणाऱ्याच्या दारात पोलीस नकोत. विकणाऱ्याच्या दारात पंचनामा हवा. आणि पंचनामा म्हणजे काय हे कास्तकाराला कोणी शिकवायला नको. बियाणं उगवलं नाही की आपण तालुक्याच्या तक्रार समितीकडे अर्ज करतो. ती शेतात येते, रोपं मोजते, पिशवीवरचा लॉट नंबर लिहून घेते. तीस किलो सोयाबीनच्या पिशवीला जो न्याय तो बैलजोडीच्या किमतीच्या पिल्लाला का नाही? पापणी जन्मतः आत वळलेली निघाली, तर शस्त्रक्रियेचा खर्च विकणाऱ्यानं द्यावा. आई-बापाला तापाची व्याधी होती का, हे विक्रीच्या कागदावर लिहून द्यावं. खोटं निघालं तर पैसे परत. एवढं केलं तरी घडी आतबट्ट्याची ठरेल. सुरकुत्यांना भाव आहे तो त्यांचा खर्च दुसरा कोणी उचलतो म्हणून आहे: थोडा पुतण्या, बराचसा सूनबाई, आणि बाकी सगळा ते कुत्रं.

ते कुत्रं स्वभावानं फार गोड आहे, हे सांगायचं राहिलं. मला बघून शेपूट हलवतं, मग धाप लागते, मग बसतं.

परवा अमरावतीहून कोणाचा तरी फोन होता. त्याच्याकडे मादी आहे, घड्या चांगल्या आहेत, जोड लावायची का, पिल्लं निम्मी-निम्मी. पुतण्यानं फोन कानाला तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. सूनबाई ओसरीत कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन घड्या पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "अन् त्या पिल्लायच्या घड्या पुसाले कोन येईन? फोनवाला?"

पुतण्या म्हणाला, विचार करून सांगतो. त्याला आठ दिवस झाले. त्यानं अजून नाही म्हटलेलं नाही.